काकूंचा तुकडा: पाडवा ते पाऊस

आमच्या बिल्डिंगच्या मागे, म्हणजे उत्तरेला, कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत वीस फुटांची पट्टी आहे. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगी ज्यांनी बघितल्यात त्यांना अशी पट्टी लगेच डोळ्यापुढे येईल, अर्ध्यात बाइक, एक मोडका सोफा, आणि भिंतीकडच्या आठ फुटांत आम्ही सहा घरांनी वाटून घेतलेले तुकडे. एकेक तुकडा बारा फूट बाय आठ फूट. माझ्या बाजूचा तुकडा दोन वर्षं एका कुटुंबाकडे होता, त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत सोडला. "त्या जागेत काही होतच नाही" म्हणाले. तो तळमजल्यावरच्या काकूंनी घेतला, नुकत्याच रिटायर झालेल्या, उत्साह असा की विचारू नका. हे प्रकरण त्या तुकड्याचं आहे. आधीच सांगते, सगळं जमलं नाही, आणि जे बिघडलं त्यातलं बरंचसं माझ्या सल्ल्याने बिघडलंय.

आधी "काही होत नाही"चं बघू, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. आधीच्या लोकांनी काय लावलेलं, तर पालक, टोमॅटो, मेथी, कोबी. कधी, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर, मुंबईत भाजीला थंडीचाच सीझन सगळ्यात सोपा. पण त्यांनी वर बघितलं नाही. आमची बिल्डिंग तळ अधिक तीन, साधारण बेचाळीस फूट उंच, आणि तुकडा तिच्या उत्तरेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका खाली असतो की भर दुपारी पण बिल्डिंगची सावली पस्तीस-अडतीस फूट पडते, पट्टी मुळात वीसच फुटांची, म्हणजे सावली भिंतीवर चढून पलीकडच्या बिल्डिंगच्या आवारात जाते. त्या टोमॅटोंनी जन्मात दुपारचं ऊन बघितलं नव्हतं.

हे मला तरी कधी कळलं, तर माझा स्वतःचा पहिला हिवाळा असाच वाया गेल्यावर. मग मी खडूने खुणा करायला लागले, दर रविवारी पाऊण वाजता, कारण आपल्याकडे सूर्य डोक्यावर बारा वाजता येत नाही, बहुतेक महिने साडेबाराच्या नंतर येतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊन भिंतीच्या पायाला टेकतं. मग रोज थोडं थोडं बिल्डिंगकडे सरकतं, आणि पाडव्याच्या सुमाराला सावली बारा फुटांवर आलेली असते, म्हणजे आमचे आठच्या आठ फूट उन्हात. मेच्या मध्यावर तर मुंबईत शून्य सावली असते, सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्याच्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे बिल्डिंगची अडचणच नाही. परत सप्टेंबरच्या मध्यापासून सावली तुकड्यात शिरायला लागते आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खेळ खलास. म्हणजे हा तुकडा हिवाळ्याचा नाहीच. मार्च ते सप्टेंबर एवढाच तो जिवंत असतो. दक्षिणेला मोकळं असलेल्यांनी माझं काही ऐकू नये, त्यांचं गणित वेगळं.

पाडवा ३० मार्चला होता. पुरणपोळी खाऊन आम्ही दोघी खाली उतरलो, काकूंच्या हातात पाकिटांची पिशवी. राणीच्या बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन असतं ना, तिथून हौसेनं आणलेली. गाजर, बीट, फ्लॉवर, पालक, लेट्यूस, चेरी टोमॅटो, कोथिंबीर. प्रदर्शन ऐन थंडीतलं, त्यामुळे पाकिटं पण थंडीचीच असणार. मी एकेक बघून बाजूला ठेवत गेले तसं काकूंचं तोंड उतरत गेलं.

"अगं, मग राहिलं काय? सगळंच नको म्हणतेस."

"काकू, टोमॅटोला रात्री गारवा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्री पण सत्तावीस-अठ्ठावीस, फुलं येतील आणि गळतील. ही पाकिटं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा."

"आणि कोथिंबीर? कोथिंबिरीला काय झालं?"

कोथिंबिरीवर मी हरले. ती लावलीच त्यांनी. पुढे सांगते.

माझं म्हणणं साधं होतं. आता काय रुजेल असं विचारायचंच नाही, पाऊस येईल तेव्हा हे झाड कुठल्या वयात असेल असं विचारायचं. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. पाडव्यापासून मोजले तर त्र्याहत्तर दिवस. या दिवसांत तीन प्रकारची कामं बसतात. एक, जे पावसाच्या आधी पोटात जाईल: लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत, काकडी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. दोन, जे उन्हात वाढून पावसात उभं राहील: भेंडी, गवार, मिरची, वांगी. तीन, ज्याला फक्त मुळं धरायला उन्हाळा हवा आणि खरी वाढ पावसात, म्हणजे दोडका, हळद, अळू. गावाला आमच्याकडे अक्षय तृतीयेला आळी, म्हणजे गोल खळगे, करून वेलांच्या बिया घालायचे, ते काही उगाच नव्हतं.

पण आधी माती. मातीवर बोलायला लागले तर थांबणार नाही, तरी सांगते. वरचे सहा इंच बरे दिसत होते, कुदळ मारली की ठण्ण. खाली सगळा राडारोडा. विटांचे तुकडे, जुन्या बाथरूमच्या निळ्या टाइल्स, सिमेंटची ढेकळं, गुटख्याच्या पुड्या, एक अख्खी चप्पल. एका आठवड्यात चौदा घमेली काढली आणि तरी खाली होतंच. शेवटी ठरलं की खाली जायचं नाही, वर यायचं. निघालेल्या विटांच्याच कडा लावून नऊ इंच उंच वाफे करायचे, तीन फूट रुंद, आठ फूट लांब असे तीन, मध्ये दीड-दीड फुटांच्या दोन वाटा. तीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. कॉलनीतल्या ड्रममधलं कंपोस्ट, नर्सरीतून लाल माती, थोडं शेणखत आणि निंबोळी पेंड. एका वाफ्याला साधारण पंचवीस गोण्या लागल्या. रिक्षावाला नर्सरीतून एका वेळी चारच गोण्या घ्यायला तयार, आणि काकांची कंबर आधीच धरलेली.

दोन वाफे भरले आणि माती, पैसे, कंबर, तिन्ही एकदम संपलं. तिसरा वाफा, पश्चिमेचा, तसाच राहिला जमिनीच्या लेव्हलला. मीच म्हटलं, "राहू दे काकू, याच्यात वरच्यावर कंपोस्ट मिसळून लावू, जूनच्या आधी भरून घेऊ." हे वाक्य लक्षात ठेवा.

पेरणी अशी झाली. ६ एप्रिलला, रामनवमीला, पूर्वेच्या वाफ्यात लाल माठ आणि एका कोपऱ्यात अंबाडी. माठाचं बी मोहरीपेक्षा पण बारीक, हातातून घळाघळा एका जागी पडतं, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून फेकायचं आणि वरून माती फार टाकायची नाही, नुसता हात फिरवायचा. १२ एप्रिलला मधल्या वाफ्यात भेंडी आणि गवार. भेंडीचं बी रात्रभर भिजवलेलं, दोन ओळी, दोन रोपांत एक फूट अंतर. जात परभणी क्रांती, मराठवाडा कृषी विद्यापीठाची, पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा जो रोग आहे त्याला ती बऱ्यापैकी दाद देत नाही म्हणून. भिंतीलगत तीन आळी करून दोडका, दापोलीचा कोकण हरिता, प्रत्येक आळ्यात चार बिया, नंतर दोन ठेवायची. तिसऱ्या, सपाट वाफ्यात काकडी त्याच दिवशी, आणि आठवड्याने नर्सरीतून आणलेली मिरचीची आठ, वांग्याची चार रोपं. रोपं नेहमी संध्याकाळी लावायची, सकाळी लावलीत तर दुपारपर्यंत मान टाकतात.

कबुतरांचं सांगायचं राहिलं. भेंडीची पहिली दोन पानं बाहेर आली त्या सकाळी नऊ रोपं उपटलेली. खायचं पण नाही, नुसतं उपटून टाकायचं! वरच्या मजल्यावर कोण दाणे घालतं ते सगळ्यांना माहीत आहे, मीटिंगमध्ये तीनदा विषय झालाय, असो. जुनी मच्छरदाणी कापून बांबूच्या कमानींवर टाकली आणि नऊ बिया परत टोचल्या.

आता पाणी. सोसायटीचा नियम आहे की टाकीचं पाणी पाइपने बागेला द्यायचं नाही, आणि मला तो पटतो, एप्रिल-मेमध्ये तलावांच्या पातळीच्या बातम्या सुरू झाल्या की कोणी बागेत पाइप धरलेला दिसला तर लोक बघतात आपल्याकडे. मग भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, आणि एसीचं पाणी. आपल्या दमट हवेत रात्रभर एसी चालला की खाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली असते आणि त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आणखी एक पाणी असतं ते म्हणजे आरओ फिल्टरमधून वाया जाणारं. काकूंच्या मुलाने ते एका ड्रममध्ये गोळा करायला सुरुवात केली, दिसायला स्वच्छ, फुकट, भरपूर. मी पण वा वा म्हटलं.

पंधरा दिवसांनी मिरचीच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, जणू कोणी उदबत्ती फिरवल्यासारख्या. आधी वाटलं ऊन. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून पाणी, तेच पाणी. एक दिवस काकू खाली बसून बोटाने माती खरवडत होत्या आणि म्हणाल्या, "हे बघ गं, मीठ सांडल्यासारखं काय आहे?" रोपाच्या बुंध्याभोवती पांढरी पापडी. आरओ काय करतं, तर चांगलं पाणी आपल्याला देतं आणि राहिलेल्यात सगळे क्षार एकवटतात. ते मातीत गेलं, वरचं पाणी उन्हाने उडून गेलं, क्षार राहिले. पावसाळ्यात धुऊन गेले असते, पण भर उन्हाळ्यात कोण धुणार? पापडी खुरप्याने वरवर काढून टाकली, मग दोन दिवस एसीचं आणि नळाचं मिळून एकेका रोपाला दोन बादल्या सावकाश, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातील. नवीन पानं नीट आली. आता ते पाणी जिना पुसायला जातं.

पाणी वाचलं ते खरं पाल्यामुळे. गेटजवळच्या जंगली बदामाची लालभडक पानं सफाईवाल्या मावशी गोणीत भरतातच, त्या गोण्या आम्ही मागून घेतल्या आणि वाफ्यावर तीन-चार इंच अंथरल्या. आधी रोज सहा बादल्या लागायच्या, नंतर तीनमध्ये भागलं. भिंतीजवळ तर पाला पाहिजेच, दुपारी भिंत अशी तापते की हात टेकवत नाही आणि दोडक्याची मुळं तिच्याच पायाशी.

माठ २ मेला काढला, सव्वीसाव्या दिवशी. चार जुड्या निघाल्या, एक माझ्याकडे आली, लसणाची फोडणी आणि वर ओलं खोबरं. काकूंनी पहिल्या जुडीचा फोटो काढून पुण्याच्या बहिणीला पाठवला. आणि कोथिंबीर? बारा दिवसांनी आली, विरळ, हिरवीगार, काकू मला रोज दाखवायच्या. तिसाव्या दिवशी पानं बारीक झाली आणि मधून दांडा वर गेला, पांढरी फुलं. मी काही बोलले नाही, देवाशपथ. त्यांनी मग हिरवे कच्चे धणे खुडून चटणीत घातले आणि चव इतकी छान की आता म्हणतात मी त्याच्यासाठीच लावलेली.

पालेभाजी हवीच असेल तर समुद्रमेथी. ती जी बारकी बारकी, मुळासकट, वाळू लागलेली मुठीएवढी जुडी येते ना बाजारात, तीच. साधी मेथीच असते, वाळूत दाट पेरून दहा-बारा दिवसांत उपटायची, तिला उन्हाने त्रास द्यायच्या आत ती आपल्या कढईत. आंब्याच्या पेटीत वर्तमानपत्र, वर चार इंच वाळू-माती, सकाळचं ऊन. काकूंनी मेमध्ये दोनदा काढली.

अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, माठाच्या वाफ्याच्या कडेने हळदीचे नऊ तुकडे पुरले. काही दिसेना तसं काकू दर दोन दिवसांनी उकरून बघायच्या, त्यातला एक त्याच्यातच मेला.

दोडक्याचं मात्र मला कौतुक. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वेल दोरीवरून भिंतीच्या डोक्यावर गेला, पिवळी फुलं मस्त, पण सगळी नर. काकूंना वाटलं बी खराब. तसं नसतं, कडक गरमीत आणि मोठ्या दिवसांत या वेलांना नर फुलंच जास्त येतात, थोडं गार झालं की मादी फुलं येतात. मादी ओळखायची कशी, तर फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढा रेघारेघांचा दोडका आधीपासूनच असतो. आणि दोडक्याचं फूल सकाळी उमलत नाही, दिवेलागणीला उमलतं. त्यामुळे आम्ही दोघी संध्याकाळी सात वाजता मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीपाशी, काकूंच्या हातात कान साफ करायची काडी, नर फुलात फिरवायची आणि मादीच्या मध्यावर टेकवायची. खाली बाइक लावायला आलेला एक मुलगा पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि काहीही न विचारता गेला.

पण त्या संध्याकाळी जूनमधल्या, त्याच्या आधी २६ मे आला. मेच्या पहिल्याच आठवड्यात एक धुळीचं वादळ आणि पाऊस होऊन गेला होता तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. तेव्हा आम्ही म्हटलं अवकाळी आहे, जाईल. २५ ला भेंडीची पहिली तोडणी, सहा भेंड्या. २६ ला सकाळी मुंबईत मान्सून दाखल. १९५० पासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता, आधीचा विक्रम २९ मे १९५६ चा. माझ्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. मी ऑफिसला निघालेले, जिन्यातून बघितलं तर सपाट वाफा दिसतच नव्हता, चॉकलेटी पाण्याचं तळं आणि त्याच्यातून मिरचीचे शेंडे. खाली राडारोडा घट्ट बसलेला, पाणी जाणार कुठे. दोन उंच वाफ्यांतून पाणी कडेच्या विटांच्या फटींतून वाटेत उतरत होतं आणि सगळं आरामात उभं होतं. म्हणजे नऊ इंचांचा फरक.

काका छत्री धरून आणि काकू खराट्याच्या दांड्याने चर काढत होत्या, पण दीड दिवस पाणी राहिलंच. आठवड्याभरात आठपैकी सहा मिरच्या मेल्या, पानं हिरवी असतानाच मान टाकायची, उपटलं की मुळं काळी आणि वास येणारी. काकडीच्या पानांवर चौकटी-चौकटीचे पिवळे डाग पडून वेल बसला, एकूण मिळाल्या दोन काकड्या. वांगी चारही जगली, वांगं चिवट. गवार उंच वाफ्यात होती तरी तिला सततची ओल मानवली नाही, फुलं गळाली, एकदाच भाजी झाली. भेंडी ऑगस्टपर्यंत दर दोन दिवसांनी, मधे मावा (बारकी कीड) आला तेव्हा लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून.

चूक कुठे होती यावर मी बरेच दिवस विचार केला. पावसापासून उलटं मोजायचं हे मी अजूनही बरोबरच मानते, पण मी नेहमीची तारीख धरली. २०२३ ला मुंबईत मान्सून २५ जूनला आला होता, २०२५ ला २६ मे, दोन वर्षांत महिन्याचा फरक! त्यामुळे बी कुठल्या तारखेला टाकायचं ते ११ जून धरून चालेल, बी गेलं तर दहा-वीस रुपये जातात. पण पाण्याचा निचरा मात्र २० मेच्या आत झालाच पाहिजे, आणि वाफा उंच करायला माती नसेल तर त्या वाफ्यात काही लावायचंच नाही, किंवा अळू लावायचं, त्याला तळंच आवडतं. मिरचीची रोपं मी कुंड्यांत ठेवायला सांगायला हवी होती.

जूनमध्ये त्या बुडालेल्या वाफ्यात माझ्याकडच्या अळवाचे पाच कंद गेले आणि ते असे फोफावले की जुलैत सगळ्या बिल्डिंगला वड्या पुरल्या. दोडके चौदा. आणि गणपतीत हळदीची पानं हातभर झाली होती, काकूंनी पातोळ्या केल्या, ताटभर वर आमच्याकडे दिल्या. आमच्या बिल्डिंगीला लिफ्ट नाही आणि काकूंचे गुडघे दुखतात, तरी त्या स्वतः घेऊन आल्या.

सप्टेंबरच्या शेवटी सावली तुकड्यात अर्ध्यावर आली तेव्हा काकू फ्रिजमधला डबा घेऊन खाली उभ्या, पालकाचं पाकीट हातात. मी वर बघितलं, त्यांनीही बघितलं. "बरं बरं, कळलं," म्हणाल्या, आणि ते पाकीट दक्षिणेकडच्या गॅलरीतल्या कुंडीसाठी ठेवलं. तिसऱ्या वाफ्याची माती दिवाळीच्या आधीच आली, पंचवीस गोण्या, यावेळी काकूंनी टेम्पो सांगितला होता.